टेबलात कॉलम नाही, पण मॉडेलवर व्हॅल्यू हवी: ती ठेवायची कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. इन्व्हॉइस मॉडेलवर (बिलांच्या टेबलातली ओळ कोडमध्ये हाताळणारा क्लास) चार गोष्टी हव्या आहेत: थकबाकी, उशिराचे दिवस, ग्राहकाचा राज्य कोड आणि 'बिल ईमेलने पाठवायचं का' ही खूण. टेबलात यांचे कॉलम नाहीत आणि करायचेही नाहीत. कंट्रोलरमध्ये इन्व्हॉइसवर थकबाकी लिहून नंतर सेव्ह केलं की डेटाबेस 'अननोन कॉलम' अशी एरर देतो. 'हे फील्ड सेव्ह करू नकोस' असं मॉडेलला कुठे सांगायचं?

सांगायची जागा आहे आणि ती खाली देते. पण त्याआधी एक गोष्ट बघा. या चार गोष्टी एका जातीच्या नाहीत. थकबाकी दुसऱ्या टेबलातल्या ओळींवरून निघते. उशिराचे दिवस आजच्या तारखेवर अवलंबून आहेत. राज्य कोड त्याच ओळीतल्या जीएसटीआयएनमध्ये (जीएसटी नोंदणीचा क्रमांक) आधीच बसलेला आहे. ईमेलची खूण फॉर्मवरून येते आणि त्या एका रिक्वेस्टनंतर तिचं काम संपतं. चौघींना एकच उपाय लावलात तर एरर जाईल, पण बिलांची यादी मंदावेल, शोध चालणार नाही आणि कधीतरी आकडा चुकेल. म्हणून प्रत्येक व्हॅल्यू कुठून येते आणि किती वेळ टिकायला हवी हे आधी ठरवा. फ्रेमवर्कची कुठली सोय वापरायची ते त्यावरून आपोआप ठरतं.

आधी एरर का येते ते. एलोक्वेंटच्या (लाराव्हेलचा डेटाबेस हाताळणारा भाग) मॉडेलमध्ये प्रत्येक कॉलमची वेगळी प्रॉपर्टी जाहीर केलेली नसते. सगळ्या व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूट्स नावाच्या एका अ‍ॅरेत असतात. क्लासमध्ये जाहीर नसलेल्या नावावर तुम्ही काही लिहिलंत की पीएचपी मॉडेलची मॅजिक सेट मेथड चालवतं आणि ती मेथड व्हॅल्यू त्या अ‍ॅरेत टाकते. टेबलात असा कॉलम आहे की नाही याची तिला कल्पना नसते. सेव्ह करताना ओळ नवी असेल तर अख्खा अ‍ॅरे इन्सर्टमध्ये जातो. ओळ जुनी असेल तर डेटाबेसमधून आली तेव्हाच्या प्रतीशी तुलना होते आणि फरक पडलेल्या व्हॅल्यू तेवढ्या अपडेटमध्ये जातात. तुमची थकबाकी त्या मूळ प्रतीत नव्हती, म्हणून ती 'बदललेली' ठरते, अपडेटमध्ये जाते आणि मायएसक्यूएल 42एस22 हा कोड देऊन क्वेरी परत पाठवतो.

यातूनच एक गोंधळात टाकणारी गोष्ट घडते. थकबाकी तुम्ही क्वेरीतच, सिलेक्टमध्ये उपनाव देऊन आणली असेल तर ती अ‍ॅरेत आणि मूळ प्रतीतही बसते. दोन्हीकडे सारखी असल्यामुळे सेव्हला काही होत नाही. त्या व्हॅल्यूला कोडमध्ये कुठेतरी हात लागला की मात्र तीच एरर येते. एका स्क्रीनवर सेव्ह होतं, दुसऱ्यावर होत नाही, अशी तक्रार आली की आधी हेच तपासा.

आता थेट उत्तर. मॉडेलच्या क्लासमध्ये त्या नावाची पब्लिक प्रॉपर्टी जाहीर करा. प्रॉपर्टी जाहीर असली की पीएचपी मॅजिक मेथडकडे जातच नाही. व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूट्सच्या अ‍ॅरेत शिरत नाही आणि सेव्हला तिचा पत्ताही लागत नाही. एका ओळीचं काम आहे. मात्र त्याची किंमत माहीत हवी. ही प्रॉपर्टी टूअ‍ॅरेमध्ये किंवा जेसनमध्ये येत नाही, तिला कास्ट (टाइप बदलून देण्याची सोय) लागू होत नाहीत आणि ती बदलली की नाही हे मॉडेलला सांगता येत नाही. सर्वांत मोठा धोका नावाचा. टेबलात खरोखर असलेल्या कॉलमच्या नावाची पब्लिक प्रॉपर्टी चुकून जाहीर झाली तर खरी व्हॅल्यू झाकली जाते. वाचायला गेलात की नल मिळतं, लिहिलेलं सेव्ह होत नाही आणि एररही येत नाही. कोणी वर्षभराने मायग्रेशन करून त्याच नावाचा कॉलम आणला तरी हेच होणार. म्हणून अशा प्रॉपर्टीचं नाव कॉलमच्या नावांपासून चटकन वेगळं ओळखू येईल असं ठेवा.

मी स्वतः ही पब्लिक प्रॉपर्टी फार क्वचित वापरते, कारण चारपैकी एकाही गोष्टीला ती नीट बसत नाही. एकेक घेऊ.

राज्य कोड सगळ्यात सोपा. जीएसटीआयएन 15 अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले 2 अंक म्हणजे राज्याचा कोड: महाराष्ट्राचा 27, गोव्याचा 30. बिलाच्या ओळीत ग्राहकाचा जीएसटीआयएन आहे, तेव्हा वेगळं काही साठवायची गरज नाही. अ‍ॅक्सेसर लिहा. ही व्हॅल्यू वाचताना ती काढून देणारी मेथड असते. लाराव्हेल 9 पासून अ‍ॅट्रिब्यूट ऑब्जेक्ट परत करणारी मेथड लिहितात, जुन्या प्रोजेक्टमध्ये गेटने सुरू होऊन अ‍ॅट्रिब्यूटने संपणारी मेथड दिसेल. दोन्ही चालतात. अ‍ॅक्सेसर फक्त त्याच ओळीतल्या व्हॅल्यूंवर चालणारा असेल तर तो स्वस्त असतो, कधीही, कितीही वेळा वाचा. जीएसटीआयएन नसलेल्या ग्राहकासाठी नल परत करा, रिकामी स्ट्रिंग नको, आणि पुढे सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा कर) लावायचा की आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) हे ठरवणाऱ्या कोडमध्ये नल आधी वेगळा तपासा, नाहीतर तो '27 नाही' म्हणून परराज्यातला ठरेल. दुकानात येऊन रोखीने माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी लागलेलं बिल मिळतं ते असंच.

एक खबरदारी: अ‍ॅक्सेसरला फक्त गेट दिलं, सेट दिलं नाही, म्हणून ती व्हॅल्यू 'फक्त वाचायची' होत नाही. कोणी राज्य कोडवर थेट लिहिलं तर ते अ‍ॅट्रिब्यूट्सच्या अ‍ॅरेत जाऊन बसतं आणि सेव्ह करताना पुन्हा तीच अननोन कॉलमची एरर. लिहिणं बंद करायचं असेल तर सेटमध्ये स्पष्ट एक्सेप्शन टाका.

उद्या हिशेबनीस म्हणाले, 'राज्यवार बिलं काढून द्या', तर अ‍ॅक्सेसर उपयोगाचा नाही. तो पीएचपीत चालतो, डेटाबेसला त्याचं नावही माहीत नसतं. त्याच्यावर व्हेअर लावलंत तर पुन्हा अननोन कॉलम. इथे जनरेटेड कॉलम, म्हणजे त्याच ओळीतल्या इतर कॉलमांवरून डेटाबेस स्वतः काढतो तो कॉलम, कामाला येतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय 5.7 पासून आहे, पोस्टग्रेसमध्ये 12 पासून आणि एसक्यूलाइटमध्ये 3.31 पासून. मायग्रेशनमध्ये स्टोअर्डअ‍ॅज किंवा व्हर्च्युअलअ‍ॅज लिहून 'जीएसटीआयएनची डावीकडची 2 अक्षरं' असं सूत्र द्या, वर इंडेक्स लावा. व्हॅल्यू डेटाबेस स्वतः सांभाळतो, त्यामुळे जीएसटीआयएन बदलला आणि राज्य कोड जुनाच राहिला असं होऊच शकत नाही. 'कॉलम नको' असा तुमचा आग्रह आहे तो समजतो, पण तो आग्रह बहुतेक वेळा दुहेरी नोंद टाळण्यासाठी असतो आणि जनरेटेड कॉलममध्ये दुहेरी नोंद नसतेच. फक्त दोन गोष्टी सांभाळा. नवी ओळ घातल्यावर मॉडेलमध्ये ती व्हॅल्यू लगेच दिसत नाही, रिफ्रेश करावं लागतं. आणि रेप्लिकेट करून बिलाची प्रत काढलीत तर जनरेटेड कॉलमची व्हॅल्यूही प्रतीत येते, इन्सर्ट करताना मायएसक्यूएल ती घेत नाही. रेप्लिकेटला वगळायच्या कॉलमांची यादी देता येते, तिच्यात हे नाव घाला.

थकबाकीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे आणि बहुतेक प्रोजेक्ट इथेच अडकतात. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो असा: अ‍ॅक्सेसर लिहू, त्यात पेमेंट्सच्या रिलेशनची बेरीज करू, एकूण रकमेतून वजा करू, आणि अपेंड्समध्ये नाव टाकून देऊ म्हणजे जेसनमध्येही येईल. एका बिलाच्या पानावर हे छान चालतं. मग यादीचं पान येतं. 50 बिलं दाखवायची तर बिलांची एक क्वेरी आणि प्रत्येक बिलाच्या पेमेंट्सची एकेक, मिळून 51 क्वेरी होतात. त्यातही प्रत्येक पेमेंटची अख्खी ओळ मेमरीत आणून तिच्यातला एक आकडा वापरायचा. अपेंड्समध्ये नाव असल्यामुळे हे जिथे जिथे मॉडेलचं जेसन होतं तिथे सगळीकडे घडतं, मग तिथे थकबाकीची गरज असो वा नसो. मोबाइल अ‍ॅपला फक्त बिल नंबरांची यादी हवी होती, तरी 51 क्वेरी. दुसऱ्या टेबलाला हात लावणारा अ‍ॅक्सेसर अपेंड्समध्ये कधीही ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

बेरीज डेटाबेसकडूनच करून घ्या. लाराव्हेलच्या विथसमला पेमेंट्स आणि रक्कम अशी दोन नावं दिलीत की प्रत्येक बिलासोबत एक उपक्वेरी जाते आणि बेरजेचं अ‍ॅट्रिब्यूट मॉडेलवर येतं. यादी कितीही मोठी असो, क्वेरी एकच. इथे दोन बारकावे आहेत. एकही पेमेंट नसेल तर बेरीज शून्य येत नाही, नल येते, कारण एसक्यूएलमध्ये रिकाम्या संचाची बेरीज नल असते. विथकाउंट मात्र शून्य देतं, त्यामुळे दोन्ही सारखी वागतील असं गृहीत धरलं जातं. दुसरं, कॉलम डेसिमल असेल तर मायएसक्यूएलकडून बेरीज स्ट्रिंग म्हणून येते. तिला फ्लोटमध्ये टाकून वजाबाकी केलीत तर पूर्ण फिटलेल्या बिलावर पैशाच्याही हजाराव्या भागाची थकबाकी उरू शकते आणि 'थकबाकी शून्य आहे का' ही तुलना खोटी ठरते. पैसे पूर्णांकात ठेवा, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत, किंवा बीसीमॅथने (पीएचपीतलं अचूक दशांश गणित) वजाबाकी करा.

मग अ‍ॅक्सेसर ठेवायचाच नाही का? ठेवा, पण शहाणा. आत आधी बघा की बेरजेचं अ‍ॅट्रिब्यूट क्वेरीतून आलं आहे का. आलं असेल तर तेच वापरा, नलला शून्य समजा. आलं नसेल तर पेमेंट्सच्या रिलेशनवर सम ही क्वेरी चालवा, म्हणजे अख्ख्या ओळी न येता एक आकडा येईल. 'आलं आहे का' हे तपासताना अ‍ॅरेत ती की आहे का असं बघा, व्हॅल्यू नल आहे का असं नको. पेमेंट नसलेल्या बिलावर की असते आणि व्हॅल्यू नल असते. नल बघून निर्णय घेतलात तर नेमक्या नव्या, पैसे न आलेल्या बिलांसाठी पुन्हा एकेक क्वेरी सुरू होते. यादी हळू का आहे ते मग लवकर कळत नाही, कारण टेस्टच्या डेटात सगळ्या बिलांना पेमेंट असतात.

थकबाकीवरून गाळणी लावायची असेल तर ती क्वेरीतच लावावी लागते. बिलं पानापानाने आणून मग कलेक्शनवर फिल्टर लावणारा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. परिणाम असा की एका पानावर 20 ऐवजी 3 बिलं, पुढच्या पानावर एकही नाही, त्यापुढे 11, आणि वर एकूण संख्या भलतीच. पान डेटाबेसने कापलं, गाळणी नंतर लागली, म्हणून असं होतं. व्हेअरमध्ये सिलेक्टमधलं उपनाव वापरता येत नाही, कारण व्हेअरचा हिशेब सिलेक्टच्या आधी होतो. ऑर्डर बायमध्ये चालतं. हॅविंगमध्ये मायएसक्यूएल चालू देतो, पोस्टग्रेस देत नाही. म्हणून मॉडेलवर 'थकीत' नावाचा स्कोप (क्वेरीची पुन्हा वापरता येणारी अट) लिहा आणि त्यात 'एकूण रक्कम ही पेमेंट्सच्या बेरजेपेक्षा जास्त आहे' अशी उपक्वेरी व्हेअरमध्येच टाका, बेरजेला कोलेस्कने शून्याचा आधार द्या, म्हणजे नल आलं तर शून्य धरलं जाईल. पेमेंट्स टेबलात बिलाच्या आयडीवर इंडेक्स आहे याची खात्री करा. मायएसक्यूएल फॉरेन की बरोबर इंडेक्स करतो, पोस्टग्रेस आपण होऊन करत नाही.

म्हणजे थकबाकीची व्याख्या आता दोन ठिकाणी झाली: एक पीएचपीत, एक एसक्यूएलमध्ये. हे टाळता येत नाही, म्हणून ती दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकमेकांच्या शेजारी ठेवा आणि एक टेस्ट लिहा जी दोन्ही वाटांनी तीच बिलं येतात का ते बघते. पेमेंट नसलेलं, अर्धं फिटलेलं, नेमकं फिटलेलं आणि जास्त पैसे आलेलं अशी चार बिलं त्या टेस्टमध्ये असू द्या. उद्या कोणी रद्द झालेला चेक जमा रकमेतून वगळायचा म्हणून एकीकडे अट घालेल आणि दुसरीकडे विसरेल, तेव्हा हीच टेस्ट ओरडेल.

यादी थकबाकीनुसार लावणं हेच मुख्य काम असेल आणि ओळी लाखांत असतील तर जमा रकमेचा खरा कॉलम ठेवणं योग्य ठरतं. मग तो पेमेंटच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, बिलाच्या ओळीवर लॉक घेऊन बदलायचा. एका व्यापाऱ्याच्या बिलिंगला त्याची गरज पडत नाही. उपक्वेरी आणि इंडेक्स पुरतो.

उशिराचे दिवस ही तिसरी जात. यात सूत्र सोपं आहे, आज वजा देय तारीख, पण 'आज' कुठलं? लाराव्हेलची मूळ सेटिंग यूटीसी असते. भारताची वेळ यूटीसीच्या 5 तास 30 मिनिटं पुढे. म्हणजे रात्री 12 ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते. 10 तारखेला देय असलेलं बिल 11 तारखेच्या पहाटे 2 वाजता इथल्या घड्याळाने एक दिवस थकलेलं, सर्व्हरच्या हिशेबी वेळेत. दिवसा कोणाला जाणवत नाही. पण थकीत बिलांचे रिमाइंडर पाठवणारा क्रॉन जॉब बहुतेक जण मध्यरात्रीनंतर लावतात, म्हणजे नेमका या चुकीच्या पट्ट्यात. त्यात स्कोपमध्ये डेटाबेसचं कर्डेट (आजची तारीख देणारं फंक्शन) वापरलं असेल तर ते डेटाबेसच्या सेशनचा टाइमझोन बघतं आणि तो अ‍ॅपपेक्षा वेगळा असू शकतो. उपाय सरळ आहे: आजची तारीख एकाच ठिकाणी, आशिया/कोलकाता धरून काढा आणि अ‍ॅक्सेसरऐवजी तारीख घेणारी साधी मेथड लिहा. 'या तारखेला किती दिवस उशीर' असं विचारता आलं की 31 मार्चचा अहवाल एप्रिलमध्ये काढताना अडत नाही, आणि टेस्टमध्ये घड्याळ गोठवावं लागत नाही. स्कोपलाही तीच तारीख पॅरामीटर म्हणून द्या.

आणखी एक: कार्बन या तारखांच्या लायब्ररीच्या आवृत्ती 3 मध्ये डिफइनडेज पूर्णांक देत नाही, अपूर्णांक देतं, आणि त्याला चिन्हही असतं. जुन्या आवृत्तीत 3 दिसायचे तिथे 3.47 दिसेल, किंवा तारखांचा क्रम उलटा असेल तर उणे. दोन्ही तारखा दिवसाच्या सुरुवातीला आणून मग वजाबाकी करा. जनरेटेड कॉलम इथे चालणार नाही, कारण त्याच्या सूत्रात चालू वेळ वापरायला डेटाबेस परवानगीच देत नाही. थकबाकीलाही तो चालत नव्हता, कारण जनरेटेड कॉलम स्वतःच्या ओळीबाहेर बघू शकत नाही.

ईमेलची खूण मॉडेलवर ठेवूच नका. ती बिलाची माहिती नाही, ती या वेळच्या कामाची सूचना आहे. फॉर्म रिक्वेस्टमध्ये तिचं व्हॅलिडेशन करा, बुलियन म्हणून वाचा आणि बिल तयार करणाऱ्या सर्व्हिसला वेगळा पॅरामीटर म्हणून द्या. मॉडेलवर ठेवून सेव्ह झाल्यावरच्या इव्हेंटमध्ये ती वाचणारा कोड लिहिला जातो, मग टेस्टमधून, सीडरमधून, कमांडमधून बिल बनवताना प्रत्येक वेळी ती खूण कोणी लावली आणि कोणी नाही याचा शोध घेत बसावं लागतं. पासवर्डची पुनरावृत्ती, 'अटी मान्य आहेत' ही चौकट, ओटीपी हे सगळे याच जातीचे. रूबीच्या रेल्सवाल्यांकडे यासाठी अ‍ॅट्र अ‍ॅक्सेसरची जुनी पद्धत आहे आणि छोट्या फॉर्मला ती शोभते, पण तिथे टाइप कास्ट होत नाही. चेकबॉक्समधून '0' ही स्ट्रिंग येते आणि रूबीत ती खरी मानली जाते, त्यामुळे खूण काढली तरी ईमेल जातं. रेल्स 5 पासूनच्या अ‍ॅट्रिब्यूट एपीआयने बुलियन म्हणून जाहीर केलंत तर हा प्रश्न सुटतो आणि कॉलम नसल्याने ती व्हॅल्यू डेटाबेसकडेही जात नाही.

याच्याच शेजारची एक जात तुमच्या प्रश्नात नाही, पण लवकरच येईल: लॉगिन केलेल्या माणसावर अवलंबून असलेली व्हॅल्यू. 'या बिलात बदल करता येईल का', 'मी हे बिल पाहिलं का'. अ‍ॅक्सेसरमध्ये ऑथमधून यूजर काढून हे करणं सोपं असतं, पण मग ते जेसन रेडिसमध्ये कॅश होतं आणि मालकाचे अधिकार कारकुनाला दिसतात. क्यूमध्ये, म्हणजे मागे रांगेत चालणाऱ्या कामांत, तर यूजर नसतोच. अधिकारांसाठी पॉलिसी आहे, दाखवण्यासाठी एपीआय रिसोर्स आहे. जेसनमध्ये काय जायचं हे रिसोर्सच्या क्लासमध्ये लिहिलं की अपेंड्सची गरजच उरत नाही.

आता उलट बाजू, आणि ती पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. काही व्हॅल्यू काढता येतात असं वाटतं, पण त्या साठवायलाच हव्यात. बिलावरच्या कराचा दर त्यातला पहिला. वस्तूच्या टेबलात चालू दर आहे, मग बिलाच्या ओळीवर तो रिलेशनमधून वाचून कर काढला तर काय बिघडलं? 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. ऑगस्टमधलं 1,00,000 रुपयांच्या सिमेंटचं बिल, ज्यावर 28,000 रुपये कर लावला, वसूल केला आणि भरला, ते वस्तूचा दर बदलल्या क्षणी 18,000 रुपये कर दाखवायला लागतं. छापलेलं बिल आणि रिटर्न एक सांगतात, स्क्रीन भलतंच. दर, कराची रक्कम, ग्राहकाचं नाव-पत्ता, जीएसटीआयएन, देय तारीख हे सगळं बिल केलं तेव्हाचं म्हणून बिलात उतरवून ठेवा. देय तारीखसुद्धा, कारण पार्टीची उधारीची मुदत 30 दिवसांवरून 45 केली की जुन्या बिलांच्या देय तारखा पुढे सरकायला नकोत. ओळखायची खूण अशी: मूळ माहिती उद्या बदलली तर ही व्हॅल्यूही बदलायला हवी का? हवी असेल तर काढा, नको असेल तर साठवा. थकबाकी बदलायला हवी, लावलेला कर नको.

इतर फ्रेमवर्कवाले हे वाचत असतील तर त्यांच्या खाचा थोडक्यात. पायथनच्या जँगोत फील्ड जाहीर केलेली असतात आणि सेव्हमध्ये तेवढीच जातात, त्यामुळे ऑब्जेक्टवर काहीही अडकवा, एरर येत नाही. उलट स्पेलिंग चुकलेलं फील्डही निमूटपणे हरवतं. प्रॉपर्टीवर फिल्टर चालत नाही, अ‍ॅनोटेट वापरावं लागतं, आणि सेटर नसलेल्या प्रॉपर्टीचंच नाव अ‍ॅनोटेशनला दिलंत तर क्वेरी वाचताना एरर येते, म्हणून नावं वेगळी ठेवा. डेटा मायग्रेशनमध्ये मिळणाऱ्या मॉडेलवर तुमच्या प्रॉपर्टी नसतात हेही लक्षात असू द्या. जनरेटेड फील्ड जँगो 5.0 पासून आहे.

जावाच्या स्प्रिंगमध्ये ट्रान्झियंट हे नाव तीन ठिकाणी आहे: जावाचा कीवर्ड, जेपीएचं अ‍ॅनोटेशन आणि स्प्रिंग डेटाचं अ‍ॅनोटेशन. आयडीईने सुचवलेलं स्प्रिंग डेटाचं उचललंत तर हायबरनेट त्याला जुमानत नाही आणि कॉलम शोधत राहतं. हवं असतं ते जेपीएचं. जॅक्सनला हायबरनेटचं मॉड्यूल जोडलं असेल तर तेच अ‍ॅनोटेशन बघून ते फील्ड जेसनमधूनही गाळतं. आणि आधीच आयडी असलेली एंटिटी रिपॉझिटरीच्या सेव्हला दिलीत तर आत मर्ज होतं. परत मिळते ती वेगळी प्रत असते, तिच्यात ट्रान्झियंट फील्ड रिकामी. डॉटनेटमध्ये नॉटमॅप्ड लावलेल्या प्रॉपर्टीवर व्हेअर लिहिलंत तर ईएफ कोअर 3.0 पासून एक्सेप्शन येतं. त्याआधीच्या आवृत्त्या गुपचूप सगळं टेबल मेमरीत आणून गाळायच्या, तेव्हा ही एरर आली तर चांगलंच झालं असं समजा.

परत लाराव्हेलकडे, कारण एक सापळा राहिला आणि तो बिलिंगमध्ये हमखास लागतो. बिल ईमेलने पाठवायचा जॉब क्यूमध्ये टाकताना तुम्ही इन्व्हॉइस मॉडेल कन्स्ट्रक्टरला देता. सिरियलाइझेसमॉडेल्स हे ट्रेट मॉडेल जसंच्या तसं क्यूत ठेवत नाही, फक्त क्लासचं नाव, आयडी आणि लोड झालेल्या रिलेशनची नावं ठेवतं आणि जॉब चालतो तेव्हा ओळ डेटाबेसमधून नव्याने आणतं. म्हणजे पब्लिक प्रॉपर्टीत ठेवलेली व्हॅल्यू गेली, सिलेक्टच्या उपनावाने आलेली थकबाकी गेली, विथसमची बेरीजही गेली. रिफ्रेश केल्यावरही क्वेरीतून आलेल्या जादा व्हॅल्यू अशाच जातात. ईमेलच्या टेम्प्लेटमध्ये मग थकबाकीच्या जागी रिकामं छापलं जातं किंवा पूर्ण रक्कम. जॉबच्या हँडल मेथडमध्ये लोडसम करून बेरीज पुन्हा मागवा. थकबाकी पाठवायच्या क्षणाची हवी असेल तर हेच बरोबर, कारण मधल्या वेळात पेमेंट आलेलं असू शकतं. बटण दाबलं त्या क्षणाची हवी असेल तर ती रक्कम जॉबला स्वतंत्र पॅरामीटर म्हणून द्या. डेव्हलपमेंटमध्ये मॉडेलचा शुडबीस्ट्रिक्ट चालू ठेवा. डेटाबेसमधून न आलेलं अ‍ॅट्रिब्यूट वाचलं की तो नल न देता एक्सेप्शन देतो, म्हणजे टेम्प्लेटमधली रिकामी जागा गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला दिसेल.